पोस्ट, तालुका, जिल्हा

नाव : मोफिजुल. बापाचं नाव : खालेक, मयत.
वय अंदाजे सत्तावीस.
ओळखखूण : उजव्या अंगठ्यावर तेजाबाचा डाग.
गाव म्हणून त्यानं जे सांगितलं
ते मी तीनदा विचारलं, तीन तऱ्हांनी लिहिलं,
तिन्ही खोडलं.
पोस्ट, तालुका, जिल्हा : कोरं.

"गाव नदीनं नेलं," म्हणाला,
सराफ कट्ट्यावर शिकलेल्या मराठीत.
"नदीच्या कुठल्या काठाचं?" शिरतोडे हवालदारानं खडसावलं.
"ती काठ बदलते, साहेब."
शिरतोडेला वाटलं, शहाणपणा करतोय.
मला वाटलं, नसेल.

गुन्हा : अकरा ग्रॅम सोनं, मालकाच्या मुशीतून.
तीन महिन्यांनी जामीन झाला.
आज चार चाळीसला आदेश पेटीत पडला,
शिक्का, सही, सगळं रीतसर.
पावणेपाचला फोन :
"सोडू नका त्याला. गाडी निघालीय आमची."
"लेखी पाठवा," मी म्हणालो.
"पाठवतो की. तोवर ठेवा."

तोवर.
एकोणीस वर्षं मी या टेबलावर आहे,
हा शब्द कुठल्या कलमात बसतो
मला सापडलेला नाही.

फाटकाशी वकीलबाई उभ्या, गौरी बुरूड,
स्कूटीची किल्ली मुठीत :
वॉरंट दाखवा, नाहीतर माणूस द्या.
साहेब म्हणतात, उद्या हा गायब झाला
तर पेपरात तुरुंगाचं नाव येईल, बाईंचं नाही.
शिरतोडे म्हणतो, आपलीच माणसं इथं
कुशीवर निजत्यात, ह्येला कशाला पोसायचं?
"मग सोडा की," भटारखान्यातनं आवाज.
"तसं न्हवं."
कसं, ते शिरतोडेलाही सांगता येत नाही.

फिर्यादी शीतलशेठ आवटींना मीच कळवलं.
म्हणाले, मला माझे अकरा ग्रॅम पाहिजेत,
त्याचा देश घेऊन मी काय करू?
मग जरा थांबून :
कारागीर मात्र... जोड दिसायचा नाही त्याचा.

सोनं त्यानं घेतलं असेल.
नसेलही.
ते आता कुणीच विचारत नाही.

माझा मेहुणा विट्याकडचा, गार्डीचा.
सिलचरला गलाईचं दुकान,
बावीस वर्षं दुसऱ्याच्या सोन्यातला मळ काढतो.
त्यालाही गेल्या साली दुकानात शिरून विचारलं, तू कुठला?
विटा म्हणाला. पुन्हा विचारलं. पुन्हा विटा.
रात्री अकराला मी त्याच्या सातबाऱ्याचा फोटो धाडला
आणि पहाटेपर्यंत फोन उशाशी ठेवला.

आणि मी?
आयर्विनपाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं त्या साली
माझ्या कपाटाचा लगदा झाला,
दाखला, रेशनकार्ड, लग्नाची पत्रिकासुद्धा.
तलाठ्यानं नुसतं माझ्या तोंडाकडं बघितलं
आणि लिहून दिलं : ओळखतो.

एका शब्दावर मी पुन्हा उभा राहिलो.

मोफिजुलला मी ओळखतो का?
भात आला की आधी वास घेतो,
झोपेत कुणाला तरी पाणी मागतो,
बराकीतल्या एकाचा तुटलेला चष्मा
तांब्याच्या तारेनं असा सांधला
की मला खूण शोधावी लागली.
यासाठी रकाना नाही.

सहाची घंटा. मोजदाद.
गाडी आलेली नाही, लेखीही नाही.
पेटी आता उद्याच उघडेल.
बाई गेल्या, रागात, दिवा न लावता.
तो रांगेत आपला आकडा म्हणतो, एकशे त्रेचाळीस,
अगदी स्वच्छ मराठीत.

साहेब जाताना म्हणाले, त्या फोनचं लिहू नका कुठं.
मी लिहिलं.
आदेश मिळाला : ४.४०. फोन आला : ४.४५.
फोन करणाऱ्याचं नाव : सांगितलं नाही.
पोस्ट, तालुका, जिल्हा : सांगितलं नाही.

त्याच्यासाठी लिहिलं
की उद्या माझी मान अडकू नये म्हणून,
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.
शाई वाळेपर्यंत
मी रजिस्टर उघडंच ठेवलं.